मासा पाणी पीत नाही



१५ ऑक्टोबर जवळ आला की गोदावरीच्या खोऱ्यात दरवर्षी एक फड उभा राहतो. नाशिक-अहिल्यानगरचे पुढारी गर्जना करतात, ‘एक थेंबही खाली जाऊ देणार नाही.’ आमच्या मराठवाड्याचे पुढारी शड्डू ठोकतात, ‘हक्काचे पाणी घेतल्याशिवाय राहणार नाही.’ जायकवाडीत किती टक्के, वरच्या धरणांत किती टक्के, किती टीएमसी सोडायचे, या तीन आकड्यांवर महिनाभर रण माजते. दोन्हीकडच्यांचे फोटो छापून येतात. कोर्टकचेऱ्या होतात. मग पाणी सुटते किंवा सुटत नाही, आणि नोव्हेंबर संपताना आपली मालदांडी पोटरीत येते तेव्हा कालव्याच्या शेपटाला कुत्री लोळत असतात.

या अंकात मी मासळीवर लिहिणार आहे असे कार्यकर्त्यांना सांगितले, तेव्हा एकजण फटकन म्हणाला, ‘सर, कापसाला पाणी नाही अन् तुम्ही माशाचं काय घेऊन बसलात?’ त्याचे बरोबर आहे. कापसाला पाणी का नाही हे सांगण्यासाठीच मी मासा घेऊन बसलो आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सातजण एका पाटबंधारे कार्यालयात गेलो होतो. सहा शेपटाकडचे शेतकरी धरून मी, आणि मासेमारी सोसायटीतले एक म्हातारे भोईकाका. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. वर्षभराचा पाण्याचा आराखडा होता तो. पिण्याचे पाणी, उद्योग, सिंचन, बाष्पीभवन, शिल्लक, असे रकाने. काकांनी चष्मा पुसून सगळे नीट पाहिले आणि विचारले, ‘साहेब, यात आमचा मासा कुठंय?’ साहेब हसून म्हणाले, ‘काका, माशाला पाणी दिलं तर या शेतकऱ्यांचं कमी होईल. त्यांनाच विचारा, चालंल का म्हणून.’

आणि आम्ही सगळ्यांनी वळून त्या म्हाताऱ्याकडे पाहिले. एका वाक्यात साहेबांनी सातजणांचे दोन पक्ष केले. मीसुद्धा त्या क्षणी मनात म्हणालो, खरेच, हे काका आपल्या वाट्यातले मागायला आलेत. काका मात्र शांतपणे म्हणाले, ‘साहेब, मासा पाणी पीत नाही. मासा पाण्यात राहतो.’

शेतकीची पदवी घेताना चार वर्षांत मला हे वाक्य कोणी शिकवले नव्हते. पिकाची पाण्याची गरज आम्ही सेंटिमीटरमध्ये काढत होतो, आणि नदीतून पुढे वाहून जाते ते ‘वाया गेलेले पाणी’ असे परीक्षेत लिहीत होतो. त्याला मार्कही पडत होते.

आता हा आराखडा म्हणजे काय चीज आहे ते पाहू. साहेब त्याला ‘मॉडेल’ म्हणतात, म्हणून आपण दबकतो. दबकायचे कारण नाही. ज्या घरात कणगी होती त्या घरातल्या प्रत्येक बाईला हे मॉडेल येत होते. सुगीला कणगीत किती पडले, महिन्याला घर किती खाते, पाहुणे किती, बी किती ठेवायचे, उंदीर-किड्यांना किती जाते, आणि नवी ज्वारी येईपर्यंत किती महिने काढायचे. संक्रांतीला कणगी अमुक खुणेच्या खाली गेली असली की ती माउली आपोआप हात आखडता घ्यायची. त्या खुणेलाच इंजिनियर ‘नियमवक्र’ म्हणतात. कोणत्या तारखेला धरणाची पातळी किती असावी, त्याखाली गेली तर कोणाचे किती कापायचे, वर गेली तर किती सोडायचे, याची ती रेघ. धरणाचा हिशेब याहून निराळा नाही. कालचा साठा, त्यात आजची आवक मिळवायची, उन्हाने उडाले ते वजा करायचे, कालव्यात, नळाला आणि नदीत सोडले ते वजा करायचे, उरला तो उद्याचा साठा. संगणक एवढेच जास्त करतो की मागच्या तीस-चाळीस वर्षांची रोजची आवक त्यातून धावडवतो आणि सांगतो, हा नियम लावला असता तर किती वर्षांत शहराला पाणी कमी पडले असते, किती वर्षांत शेपटाला पोचले नसते, किती दिवस डोह कोरडे पडले असते.

पण संगणक हे सांगतो कधी? तो प्रश्न त्याला कोणी विचारला असेल तर. डोहाचा रकाना नसेल तर डोह किती दिवस कोरडा होता हे तो सांगणार नाही. शेपटाचा रकाना नसेल तर ‘सिंचन’ म्हणून जे पाणी मुखाशीच उसाने पिऊन टाकले, तेही ‘सिंचन झाले’ म्हणूनच मोजेल. कणगीचा हिशेब करणारी बाई चांगली असते, पण ती धाकट्या जावेचे पोर मोजायला विसरली तर ते पोर उपाशीच झोपते. हिशेब चुकलेला नसतो. पोर हिशेबात नसते.

जायकवाडीचेच घ्या. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी. त्यातला उपयुक्त २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास. बाकीचा मृतसाठा. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. कागदावर पावणेदोन लाख हेक्टरांच्या वर रान भिजायचे होते. यातले किती भिजते हे डाव्या कालव्याच्या शेवटच्या चाऱ्यांवर राहणाऱ्यांना मी काय सांगू? सरकारी दप्तरात ते बागायतदार आहेत. रानात कोरडवाहू आहेत. दुष्काळाच्या यादीत नाव घालताना तलाठी त्यांना विचारतो, ‘तुम्ही तर लाभक्षेत्रातले ना?’

वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी कसे वाटायचे याचा कायदा २००५ चा आहे, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. त्याच्या कलम १२ (६) (ग) चा मथितार्थ असा की टंचाईच्या वर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने त्यासाठी वेगवेगळ्या परिस्थितींचे तक्ते मांडले. १५ ऑक्टोबरला, खरिपात वापरलेले धरून, जायकवाडीत ६५ टक्के असेल तर वरून सोडायची गरज नाही, त्याखाली असेल तर किती सोडायचे ते तक्त्यात पाहायचे. २०१४ मध्ये प्राधिकरणाने तसा आदेश दिला, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये पाणी सुटले. २०२३ ला आदेश ८.६ टीएमसीचा होता.

हे काम मी कमी लेखत नाही. त्याआधी ज्याचा आवाज मोठा त्याचे पाणी, असा कारभार होता. निदान आता एक तक्ता आहे, त्यावर भांडता येते. पण तो तक्ता काय पाहतो? वर्षातल्या एका दिवसाचा साठा. धरणाचा फोटो म्हणा ना. वरच्या कणगीत किती आणि खालच्या कणगीत किती, एवढेच. खालच्या कणगीत ज्वारी पडल्यावर ती घरात कोणाच्या ताटात पडली, कोणत्या महिन्यात पडली, हे त्या फोटोत नाही. आपण वीस वर्षे या फोटोसाठी भांडतो आहोत. भांडून मिळवलेले पाणी पैठणला पोचले की आपण घरी जातो आणि दुसरे लोक कामाला लागतात.

पाणी कोणाचे आधी, हा क्रमसुद्धा कोणी देवाने लिहून दिलेला नाही. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योगाचा नंबर होता, शेतीचा त्यानंतर. २०११ मध्ये ओरड झाली तेव्हा शेती दुसऱ्या नंबरावर आणली. एका ओळीची अदलाबदल. धरण तेच, पाणी तेच, पण मॉडेलमध्ये पहिले कोणाचे कापायचे ते बदलले. आणि नियम कागदावर असूनही तो पाळायला कोर्ट लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी जात होते, तेव्हा दारूच्या कारखान्यांचे पाणी कापायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावे लागले. यादीत पर्यावरण म्हणून जे काही असते ते कायम तळाला. म्हणजे मासा तळाला. मासा तळाला राहतो हे खरे, पण इतक्या तळाला नाही!

आता माशाला नेमके लागते काय? इथे माझे शेतकीचे शिक्षण थोडे कामी आले, कारण ही माणसे जे करतात ते आमच्या खताच्या प्रयोगासारखेच आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याने एक पद्धत बसवली. नदीचा एक तुकडा घ्यायचा, तिथे पाण्याची खोली, वेग आणि तळ मोजायचा. एखाद्या जातीच्या माशाला, त्याच्या पिल्लाला, त्याच्या अंड्याला कोणती खोली आणि कोणता वेग मानवतो त्याला शून्य ते एक गुण द्यायचे. मग नदीत १०० क्युसेक सोडले तर त्याच्या राहण्याजोगी जागा किती, २०० सोडले तर किती, असा आलेख काढायचा. हा आलेख नत्राच्या आलेखासारखा निघतो. पहिल्या पोत्याला उतारा झपकन वाढतो, दुसऱ्याला थोडा कमी, आणि चौथे पोते टाकले की कापूस नुसताच माजतो, बोंडे लागत नाहीत. नदीतही तसेच. कोरड्या पात्रात पहिले थोडे पाणी आले की जागा झपाट्याने वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि फार सोडले तर पिल्ले वाहून जातात. म्हणजे माशाच्या नावाने अख्खे धरण मागणारा आणि माशाला एक थेंब नको म्हणणारा, दोघांनीही आलेख पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या नद्यांतले कटला, रोहू, मृगळ हे पहिल्या पुराच्या पाण्यावर अंडी घालतात. धरण भरताना काठचे गवत पाण्याखाली जाते, तिथे उथळात पिल्ले वाढतात. भोईकाका म्हणतात, ‘पाणी हळू उतरलं तर पिल्लू पाण्यामागं येतं. एका रात्रीत उतरवलं तर चिखलात राहतं, बगळ्यांची दिवाळी होते.’ खालच्या नदीतही हाच प्रकार. पावसाळ्याअखेर दरवाजे धाडकन बंद केले की खड्ड्याखड्ड्यांत मासे अडकतात आणि आठ दिवसांत मरतात. तेच दरवाजे पायरीपायरीने उतरवले तर पाणी फारसे जास्त लागत नाही, लागतो तो ड्यूटीवरचा माणूस. तिसरी गोष्ट मृतसाठ्याची. उन्हाळ्यात मृतसाठा हेच माशाचे घर. त्यालाही पंप लावले की पुढच्या वर्षी सोसायटीने बोटुकली विकत आणून सोडायची, आणि ठेक्याचे कर्ज मात्र चालूच.

आता हिशेब करा. पैठणच्या खाली नदीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, १२० दिवस, रोज १०० क्युसेकचा बारीक प्रवाह ठेवायचा म्हटले तर किती पाणी लागेल? एक टीएमसीला थोडे वर. साडेशहात्तरातले एक. आता उन्हाचा हिशेब घ्या. उन्हाळ्यात धरणाचा पसारा निम्म्यावर, पावणेदोनशे चौरस किलोमीटरवर आला आहे आणि दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते आहे असे धरले, तर वीस दिवसांत एक टीएमसी नुसते सूर्य पिऊन टाकतो. त्याचा कोणी मोर्चा काढत नाही.

आणि नदीत सोडलेले ते एक टीएमसी जाते कुठे? माशाने तर ते प्यायले नाही. ते आपेगावच्या, हिरडपुरीच्या बंधाऱ्यात जाऊन बसते. वाटेत नदीकाठच्या विहिरींना उतरते. त्या विहिरींवर कोणाची ज्वारी आहे, कोणाची जनावरे आहेत, कोणत्या गावाची नळयोजना आहे? आपलीच. एकच पाणी डोहाला, विहिरीला आणि बंधाऱ्याला, तीनदा कामाला येते. पण आराखड्यात ‘नदीत सोडले’ म्हणजे गेले, असे धरले तर ते एकदाही मोजले जात नाही. साहेबांनी आम्हाला काकांशी लढवले ते या न मोजण्याच्या जोरावर.

मी हे फार गोड करून सांगतो आहे असे वाटेल. अडचण आहेच. वरून जायकवाडीसाठी पाणी सोडताना नदीकाठची वीज तोडावी लागते, नाहीतर मोटारी ते वाटेतच उचलतात. आपल्या भागात काही निराळी संतमंडळी राहत नाहीत. डोहात पाणी दिसले की पहिली मोटार कोण टाकतो? ज्याच्याकडे पाइप टाकायला पैसा आहे तो. तेव्हा नदीतल्या प्रवाहाला पहारा लागेल, आणि तो आपल्यालाच करावा लागेल. धरणाच्या पोटात गाळपेर करणाऱ्या भावांना पाणी लवकर उतरलेले हवे असते, तेही या हिशेबात आणावे लागतील, त्यांना शिव्या देऊन भागणार नाही.

मासा विरुद्ध शेतकरी हे भांडण खरेच लागले तर काय होते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीकडे पाहा. ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया राज्यांच्या सीमेवरची ही नदी. वर सरकारी धरण-कालव्यांवर बटाटा, बार्ली, लसूणघास करणारे शेतकरी, खाली सामन माशावर जगणारे युरोक, कारुक हे आदिवासी. तिकडे १९७३ पासून संकटात आलेल्या जीवांचा कायदा आहे, त्यामुळे माशाचा रकाना टाळता येत नाही. २००१ साली दुष्काळ पडला. एप्रिलमध्ये सरकारने जाहीर केले की माशांसाठी तलावात आणि नदीत पाणी ठेवायचे आहे, म्हणून बहुतेक शेतकऱ्यांना यंदा कालवा नाही. पेरणीच्या तोंडावर! मे महिन्यात हजारो लोकांनी रस्त्यावर रांग लावून हातोहात बादल्या पुढे देत तलावाचे पाणी कालव्यात ओतले. जुलैमध्ये शेतकऱ्यांनी कालव्याचे दरवाजे जबरदस्तीने उघडले. दरवाजा फोडायची पाळी आलेला शेतकरी कुठलाही असो, त्याचे दुःख आपल्याला कळते.

मग सरकारने पारडे उलटे फिरवले. २००२ मध्ये शेतीला पाणी दिले आणि सप्टेंबरमध्ये खाली नदीचे पाणी कमी झाले, कोमट झाले, अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांची त्यात दाटी झाली, रोग पसरला. निदान तेहतीस हजार मोठे सामन मेले. काठावर खच पडला. आदिवासींचे वर्ष बुडाले. एका वर्षी शेतकरी मारला, दुसऱ्या वर्षी मासा. दोन्ही वर्षी निर्णय घेणारा तोच होता आणि दोन्ही वर्षी त्याचे पगार वेळेवर झाले.

पुढची कथा लांब आहे. वर्षानुवर्षे शेतकरी, आदिवासी आणि सरकार एका टेबलाशी बसले, भांडले, करार केले, काही मोडले. २०२३ आणि २०२४ मध्ये त्या नदीवरची विजेची चार धरणे पाडली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सामन तिथून वर चढताना दिसला. ती धरणे शेतकऱ्यांना पाणी देणारी नव्हती, हे ध्यानात घ्या. त्यामुळे ‘पाहा, अमेरिकेत माशासाठी धरण पाडले’ असे कोणी भाषणात फेकले तर त्याला थांबवा. आणि वर पाण्याची ओढाताण आजही मिटलेली नाही. पण २००१ आणि २००२ या लागोपाठच्या दोन वर्षांचा धडा आपल्यापुरता पुरेसा आहे. वर्षाचा ठोक आकडा उचलून या ताटातला त्या ताटात टाकला की कोणीतरी मरतोच. कोणत्या आठवड्यात किती, हे आधी बसून ठरवले असते तर सगळे वाचले असते असे मी म्हणत नाही. दुष्काळात सगळे वाचत नाहीत. पण एकाच्या मानेवर सगळा दुष्काळ पडला नसता.

आपल्याकडे माशाला असा कायदा नाही. केंद्राच्या २०१२ च्या जलनीतीत नदीच्या प्रवाहाचा काही भाग निसर्गासाठी राखावा असे वाक्य आहे. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली आणि दर दहा दिवसांच्या प्रवाहाचा किती टक्के हिस्सा नदीतच राहिला पाहिजे ते ऋतूप्रमाणे ठरवून दिले. गोदावरीला आपण कीर्तनात दक्षिणगंगा म्हणतो. हिशेबाच्या वेळी मात्र ती नुसती ‘दक्षिण’ राहते, गंगा वरच राहते.

आता कोरडवाहूच्या पोटाचा प्रश्न. आपली गरजही माशासारखीच आहे, थोडी आणि वेळेवर. रब्बी ज्वारीला पोटरीत असताना, पेरणीनंतर पन्नास ते पंचावन्न दिवसांनी एक पाणी मिळाले तर कणीस भरते आणि कडबाही होतो. कापसाला बोंडे पोसताना ऑक्टोबरात एक पाणी मिळाले तर पुढची वेचणी हाती येते. तेच पाणी महिन्याने आले तर ते पाणी नव्हे, नुसता चिखल. मी नोकरीत असताना गावोगाव जाऊन ‘पोटरीत एक संरक्षित पाणी द्या’ असे भाषण ठोकत होतो. एका आजीने विचारले, ‘बाबा, कुठून देऊ? तू संगं आणलंस का?’ त्या दिवसापासून ते भाषण माझ्या घशाखाली उतरले नाही.

एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. निम्मे कालव्यात मुरले-गळले असे धरले तरी साडेसात सेंटिमीटरच्या एका पाळीत अठरा हजार हेक्टरांहून जास्त ज्वारी भिजते. तेच पाणी, तीच गळती धरून, वर्षाला दोनशे सेंटिमीटर पिणाऱ्या उसाला दिले तर सातशे हेक्टर. एका हेक्टर उसात सव्वीस-सत्तावीस हेक्टर ज्वारीचे एक-एक पाणी बुडते. ऊसवाल्याशी माझे वैर नाही, त्यालाही दुसऱ्या पिकाला भाव मिळत नाही म्हणूनच तो ऊस लावतो. पण मॉडेलला ‘किती हेक्टर भिजले’ हे न विचारता ‘किती घरांची ज्वारी पोटरीत वाचली’ हे विचारा, मग उत्तर कसे फिरते ते पाहा. आणि पहिले आवर्तन डिसेंबरच्या शेवटी सोडण्याऐवजी महिनाभर आधी, शेपटाकडून सुरुवात करून सोडले, तर त्याला जास्तीचे धरण बांधावे लागत नाही.

साहेब म्हणतील, एवढा बारीक हिशेब करायला आकडे कुठे आहेत? आकडे आहेत. धरणाची पातळी रोज लिहिली जाते, आवक लिहिली जाते, दरवाजा किती फूट उघडला ते लिहिले जाते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची काळी जमीन खरडून गेली, तेव्हा तासातासाचे आकडे मोबाइलवर फिरत होते. पुराच्या वेळी तासाचा हिशेब ठेवता येतो, तर टंचाईच्या वेळी आठवड्याचा का नाही? धरण किती आधी भरून ठेवायचे आणि पुरासाठी पोटात किती जागा राखायची, हाही त्याच नियमवक्राचा प्रश्न आहे. जागा राखली आणि पाऊस आला नाही तर शिव्या, भरून ठेवले आणि पाऊस आला तर पूर. अधिकाऱ्याची ती अडचण मी समजू शकतो. पण ती रेघ कोणत्या कारणाने कुठे ओढली, हे दाराबाहेर लावायला कोणाची हरकत आहे?

ज्यांच्या रानाच्या दहा कोसांत कालवा नाही ते म्हणतील, आम्हाला काय त्याचे? तुमच्या गावाशेजारी मध्यम प्रकल्प आहे, लघुतलाव आहे, निदान पाझर तलाव आहे. त्यात कोणत्यातरी सोसायटीचा मासळीचा ठेका आहे, काठावर दहा-वीस मोटारी आहेत, खाली गावाची विहीर आहे. जायकवाडीचे मॉडेल करायला इंजिनियर लागेल. पाझर तलावाचे शाळेच्या वहीत होते. भिंतीच्या आत एक पट्टी रंगवा, दर सोमवारी वाचा, मोटारी किती तास चालल्या ते लिहा. दिवाळीला पाणी कुठे होते आणि कोणत्या खुणेला मोटारी थांबवल्या तर विहीर मेपर्यंत टिकते आणि मासाही टिकतो, हे दोन वर्षांत तुमचे तुम्हाला कळेल.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला या वर्षी आपण टीएमसी मागायला जायचे नाही. तक्ता मागायला जायचे आहे. आठवड्या-आठवड्याचा, आणि त्यात दोन जास्तीचे रकाने घेऊनच. एक शेपटाच्या चारीला पाणी कोणत्या तारखेला पोचले त्याचा, दुसरा पैठणच्या खाली नदीत किती क्युसेक चालू आहे त्याचा. मृतसाठ्याला पंप लावायचा असेल तर मासेमारी सोसायट्यांना आधी सांगून, त्यांचे नुकसान लिहून मगच. साहेबांनी पुन्हा ‘शेतकऱ्यांनाच विचारा’ म्हटले, तर विचारू द्या. या वेळी उत्तर तयार आहे.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या चारीला गेल्या तीन रब्बी हंगामांत पाणी आले त्या तारखा लिहून आणायच्या आहेत. आले नसेल तर ‘आले नाही’ असे लिहा, तोही आकडाच आहे. पेरणीची तारीख शेजारी लिहा, म्हणजे पोटरी कधी होती ते मला काढता येईल. भोईकाका येणार आहेत. त्यांनी गेल्या वर्षापासून वही घातली आहे. त्यात दरवाजे कधी उघडले, कधी बंद झाले, त्यानंतर कोणत्या डोहात काठी किती हात बुडाली आणि जाळ्यात मरळ किती, वाम किती, एवढेच आहे. अक्षर नातवाचे आहे.